नाहूरमधली कडाक्याची थंडी

नंदकुमार घाडीला थंडी कशाशी खातात हे माहीत नव्हतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. ऐन डिसेंबरातही त्याच्या झेरॉक्सच्या दुकानातला पंखा पाचावर असायचा आणि गळ्यात पंचा असायचा. लॅमिनेशन करताना गिऱ्हाइकाच्या आधार कार्डावर घामाचा थेंब पडू नये म्हणून तो हात लांब धरून मान मागे खेचायचा. सत्तावन्न वर्षांत त्यानं अंगाला स्वेटर लावला नव्हता. लग्नात सासऱ्यांनी शिवून दिलेला सूटसुद्धा त्यानं मंगलाष्टकं संपताच काढून टाकला आणि फोटोत तो बनियनवर आला, असं त्याची बायको कमल सांगते. फोटो भिंतीवर आहे, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. अशा या माणसानं सबंध नाहूरला तीन महिने थंडीनं कुडकुडायला लावलं.

त्याचं कारण फुटबॉल. आता नाहूरचा आणि फुटबॉलचा काय संबंध, असं क्रिकेटवाले विचारतात. त्यांना विचारू द्यावं. पाण्याच्या टाकीमागे एक मैदान आहे. त्याच्या एका अंगाला रवळनाथ चाळ. गिरण्या बंद पडल्यावर परळ सोडून इकडे आलेली कोकणातली कुटुंबं तिथे राहतात. दुसऱ्या अंगाला त्रिरत्न नगर, तिथली बौद्ध कुटुंबं मूळची अकोला-बुलढाण्याकडची. तिसऱ्या अंगाला नाला आहे आणि चौथ्या अंगाला नव्या टॉवरची भिंत. या मैदानावर दर जानेवारीत ज्येष्ठ चषकाचा सामना होतो, रवळनाथ विरुद्ध त्रिरत्न. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनीच खेळायचं असल्यामुळे पहिली दहा मिनिटं फुटबॉल होतो आणि मग नुसता दम लागतो. पण दोन्हीकडच्या बायका खुर्च्या टाकून बघायला बसतात, आणि हरलेल्या बाजूच्या घरात त्या दिवशी कुणी धड जेवत नाही.

नंदकुमार रवळनाथचा कप्तान आणि पुढच्या फळीतला खेळाडू. पोट त्याच्याही पुढे असायचं, ती गोष्ट वेगळी. त्रिरत्नचा गोली रतन तायडे. दोघं पालिकेच्या शाळेत एका बाकावर बसत होते. रतन पुढे वीज कंपनीत लाइनमन झाला, खांबावर चढून चढून त्याचे पंजे सुपाएवढे झाले, आणि त्या पंजांतून नंदकुमारचा एकही चेंडू कधी आत गेला नाही. इतक्या वर्षांत एकही नाही. डावीकडून मारला, उजवीकडून मारला, एकदा तर रतन चपलेचा अंगठा तुटला म्हणून खाली बघत असताना मारला. तोही त्यानं न बघता धरला. दर वेळी तो गोलमध्ये हात पसरून म्हणायचा, "ये नंद्या, ये. घरचाच समज." नंदकुमारच्या आयुष्यात मुलीचं लग्न, दुकानाचं भाडं असे बरेच प्रश्न येऊन गेले, सुटलेही. हा एक सुटला नव्हता.

आणि डिसेंबरात रतनला छातीत कळ आली.

बायपास झाली. नंदकुमार भेटायला गेला तेव्हा रतन पलंगावर छातीशी एक उशी कवटाळून बसला होता. खोकला आला किंवा हसू आलं की उशी घट्ट दाबायची, नाहीतर टाके ओढले जातात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुपाएवढे पंजे त्या उशीवर अगदी निकामी पडून होते.

"जानेवारीत मॅच आहे ना रे?" रतननं विचारलं.

"आहे."

"मी नसताना गोल मारलास तर तो मी धरणार नाही. सांगून ठेवतो."

"तू नसताना मारून करू काय? लॅमिनेट?" नंदकुमार म्हणाला. रतन हसला, उशी दाबली, आणि त्याच्या बायकोनं, दर्शनानं, नंदकुमारला बाहेर काढलं.

बाहेर येऊन नंदकुमार जिन्यावर बसला. त्याला भीती वाटत होती. रतन मरेल अशी सरळसरळ भीती, आणि ती कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. त्या जिन्यावर बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. ती शहाणपणाची नव्हती, पण भ्यालेल्या माणसाला शहाणपणाचं काय? जोवर सामना बाकी आहे, तोवर रतनला काही होणार नाही. तेव्हा सामना थांबला पाहिजे, रतन गोलमध्ये येऊन उभा राहीपर्यंत.

सामना थांबवणं मात्र सोपं नव्हतं. ज्येष्ठ चषकाचे नियम जुन्या मंडळींनी केले होते आणि जुनी मंडळी एकमेकांना चांगली ओळखून होती. पहिला नियम असा की सामना कुणाही माणसासाठी थांबायचा नाही. याचं कारण कोकणी माणूस. त्याला दर आठवड्याला गावाला काहीतरी असतं. कुणाचं बारसं, कुणाची पालखी, कुणाच्या चुलत्याच्या आंब्याच्या कलमांची वाटणी. एकासाठी थांबलं तर कप पुढल्या पिढीत खेळावा लागला असता. दुसरा नियम पावसाचा. स्पर्धा पूर्वी पावसाळ्यात व्हायची. तेव्हा मैदानाच्या मधोमध चेंडू छातीएवढ्या उंचीवरून सोडायचा, आणि तो उसळून गुडघ्यापर्यंत आला नाही तर हवामान खराब, सामना पुढे. कुठल्याही कप्तानानं कधीही मागणी केली तर ही तपासणी करायचीच. पुढे लेप्टोच्या तापाच्या भीतीनं स्पर्धा जानेवारीत आली, पण नियम तसाच राहिला, कारण नियम काढायला सभा भरवावी लागते. तिसरा नियम असा की हवामानामुळे पुढे गेलेला सामना पूर्ण होईतो चषक बंद करता येत नाही.

हा तिसरा नियम यंदा महत्त्वाचा होता, कारण यंदाचा सेक्रेटरी यज्ञेश होता. यज्ञेश रवळनाथ चाळीतलाच पोरगा. हुशार, पवईला मोठ्या ऑफिसात नोकरी, मध्ये दोन वर्षं स्कॉटलंडला शिकून आलेला. त्याला ज्येष्ठ चषक बंद करून त्याच वेळात पोरांची अकादमी सुरू करायची होती. "काका, एक दिवस कुणीतरी मैदानावरच आडवं होईल," तो म्हणायचा. यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच त्याचा राग यायचा.

जानेवारीच्या सभेत नंदकुमारनं हात वर केला. "रतन बरा होईपर्यंत थांबू या."

"काका, माणसासाठी थांबायचं नाही, असा नियम आहे. तुम्हीच तर लॅमिनेट करून भिंतीला लावलाय," यज्ञेश म्हणाला. "त्रिरत्ननं दुसरा गोली द्यावा. ही शेवटची ज्येष्ठ मॅच, ती वेळेवर होऊ दे. स्कॉटलंडमध्ये मॅच फक्त एकाच कारणासाठी पुढे जाते."

"कुठल्या?"

इथे यज्ञेशनं चूक केली. स्कॉटलंडबद्दल त्याला कुणी विचारत नसे, आणि आता विचारलं होतं. तो उठून उभा राहिला. तिकडे हिवाळ्यात मैदान कसं गोठतं, चेंडू कसा धोंड्यासारखा होतो, टप्पा कसा पडत नाही, पंच येऊन मैदानाला नुसता हात लावतो आणि हजारो माणसं एक शब्द न बोलता घरी कशी जातात, हे त्यानं चहा गार होईपर्यंत सांगितलं. "फ्रोझन म्हणजे फ्रोझन. तिथे वाद नाही. त्याला म्हणतात शिस्त!"

बाकीचे जांभया देत होते. नंदकुमार एकटा कान टवकारून ऐकत होता.

कमल घरी मालवणी खानावळ चालवते. दुपारी ऑफिसवाल्यांचे डबे, संध्याकाळी पार्सल. त्यासाठी गॅलरीत एक मोठा डीप फ्रीजर आहे, आणि त्यातली जागा कमल कुणाला देत नाही. एकदा नणंदेनं आइस्क्रीम ठेवायला मागितली, तर दोन वर्षं येणं-जाणं बंद होतं. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं झाकण उघडलं, तर सुरमईच्या तुकड्यांवर फुटबॉल बसला होता.

"अवो! ह्यो चेंडू माझ्या फ्रीजात कित्याक?"

नंदकुमारनं तिला सगळं सांगितलं. कमलनं ऐकून घेतलं. "आणि हवाच काढल्यात तर? पाच मिन्टांचा काम."

"हवा काढणं म्हणजे फसवणूक," नंदकुमार दुखावून म्हणाला. "ही थंडी आहे."

कमलनं सुरमई बाजूला सारली, चेंडू उचलून तळाशी, बांगड्यांच्या डब्यालगत ठेवला. "वरती थंडी कमी लागता," ती म्हणाली.

रविवारी सकाळी मैदानावर दोन्ही संघ उभे होते. त्रिरत्ननं दुसरा गोली आणला होता आणि तो आधीच घाबरला होता. हवा खरोखर जरा गार होती, नाहूरला डोंगराकडून येते तेवढी. चेंडू सांभाळायचं काम कित्येक वर्षं नंदकुमारकडेच, त्यामुळे पिशवीतून चेंडू काढून तो म्हणाला, "सेक्रेटरी, कप्तान म्हणून तपासणी मागतो."

यज्ञेश हसला. त्यानं चेंडू हातात घेतला आणि त्याचं हसू गेलं. चेंडू बर्फासारखा होता. त्यानं तो छातीवरून सोडला. चेंडू थप्प आवाज करून पडला, नडगीपर्यंत जेमतेम उठला, आणि बसला. यज्ञेशनं पुन्हा सोडला. पुन्हा तेच. दोन्ही संघ त्याच्याकडे बघू लागले.

आता पोरगं हुशार होतं यात शंका नाही. पण आठच दिवसांपूर्वी त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं की असं होतं आणि मग वाद नसतो. स्वतःचं भाषण नाकारायला फार मोठं मन लागतं. तो खाली वाकला, स्कॉटलंडच्या पंचासारखा मैदानाला हात लावला, आणि थोडा वेळ तसाच बसून राहिला.

"ग्राउंड फ्रॉस्ट असू शकतो," तो हळूच म्हणाला.

संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना आली. 'नाहूरमध्ये कडाक्याची थंडी. ज्येष्ठ चषकाचा सामना पुढील रविवारी.' आणि मग मुंबईकरांचं जे होतं ते झालं. तोवर ज्याला काही वाटत नव्हतं त्यालाही थंडी वाजायला लागली. ट्रंका उघडल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटलेले स्वेटर घालून माणसं दूध आणायला निघाली. टाकीजवळ शेकोटी पेटली. मुलुंडचे लोक आपल्याकडेच जास्त थंडी म्हणून भांडायला लागले. कुणीतरी नाहूरला दवबिंदू गोठल्याचा फोटो टाकला. ते दव नव्हतं, भैयाच्या गाडीवरचा बर्फाचा चुरा होता, पण फोटो घाटकोपरपर्यंत फिरला.

नंदकुमारनं जाऊन रतनला हकीकत सांगितली. रतन घरी आला होता, खिडकीशी बसलेला, गालफडं बसलेली. गोष्टीत बांगड्यांचा डबा येईपर्यंत त्यानं धीर धरला, मग उशी छातीशी ओढली.

"हसवू नको रे मेल्या, टाके तुटतील!"

"थंडीच तशी पडलीय, मी काय करू?"

"अजून किती पडणार?"

"तुझा डॉक्टर म्हणेल तेवढी," नंदकुमार म्हणाला.

डॉक्टर मार्चअखेर म्हणाला.

आता जानेवारीत थंडी पाडणं वेगळं आणि मार्चात वेगळं. दर शनिवारी चेंडू फ्रीजरमध्ये जायचा आणि दर रविवारी सामना पुढे जायचा. फेब्रुवारीत मैदानावर मांजरं यायला लागली. आधी दोन आली, मग नाल्यापलीकडची सगळी. चेंडू पिशवीतून निघाला की ती गोल करून बसायची, आणि टप्पा पडला की पुढे होऊन चाटायची. "मांजरांना थंडीची चाहूल आधी लागते," नंदकुमारनं सांगितलं. लोक माना डोलवत होते. यज्ञेशनं मोबाइल दाखवला, त्यात अठ्ठावीस अंश होतं. "ते हवेतलं, रे बाबा. जमिनीचं वेगळं," नंदकुमार म्हणाला. यज्ञेशनं चेंडूला हात लावला. मोबाइल खिशात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याची नंदकुमारला थोडी दया आली, पण थोडीच.

रवळनाथचा संघ काही खुळा नव्हता. चेंडूला बांगड्याचा वास येतो हे कोकणी माणसाला सांगावं लागत नाही. पहिल्याच महिन्यात सगळ्यांना कळलं होतं. त्यांना कपही हवा होता, आणि रतन नसता तर तो आयताच मिळत होता. एका रविवारी त्यांनी नंदकुमारला टाकीमागे घेरलं. "कप्तान, किती दिवस हे?" नंदकुमारनं नुसतं त्रिरत्न नगरकडे, रतनच्या खिडकीकडे बघितलं. तिथे रतन उभा होता. मैदानावर काय चाललंय ते बघायला दर रविवारी तो खिडकीत येऊन उभा राहायचा, आणि आदल्या रविवारपेक्षा थोडा जास्त वेळ राहायचा. त्यानंतर कुणी विषय काढला नाही. उलट पुढच्या रविवारी सगळा संघ मफलर बांधून आला.

पण या थंडीची खरी किंमत नंदकुमारनं मोजली. ज्यानं थंडीची तक्रार करायची तोच गळ्यात पंचा घालून घाम पुसत बसला तर कोण विश्वास ठेवणार? त्याला स्वेटर घालावा लागला. त्याच्याकडे नव्हताच, म्हणून कमलचा, जांभळा, पुढे दोन बदकं असलेला. वर माकडटोपी. नुसता रविवारी घालून भागेना, कारण यज्ञेश पवईला जाता-येता दुकानावरून जायचा. म्हणून दुकानातही स्वेटर आणि पंखा बंद. मार्च उजाडला. बाहेर लोक उसाचा रस पीत होते आणि आत नंदकुमार बदकांचा स्वेटर घालून गरम लॅमिनेशन मशीनपुढे उभा. पाठभर घामोळं उठलं. गिऱ्हाइकं पैसे पुढे करून घाईनं निघून जायची. कमल रात्री पाठीला पावडर लावताना म्हणायची, "पुरे झाला आता. मराल तुमी." आणि नंदकुमार म्हणायचा, "कुणी मरणार नाही." ते तो ज्या आवाजात म्हणायचा, त्यामुळे कमल मग नुसती पावडर लावत राहायची.

मार्चअखेर डॉक्टरांनी रतनला तपासलं. उभं राहायला हरकत नाही म्हणाले. दर्शनानं मैदानावर येऊन दोन्ही संघांना दम भरला. "ते फक्त उभे राहतील. वाकणार नाहीत, उडी मारणार नाहीत, हात खांद्याच्या वर नेणार नाहीत. आणि दम लागला की मी त्यांना घेऊन जाईन, स्कोर काहीही असो. समजलं?" समजलं, असं सगळे म्हणाले. यज्ञेश नाही म्हणणार नव्हता. त्याला एकदाचा सामना हवा होता. त्या शनिवारी नंदकुमारनं मुलुंडला जाऊन नवा चेंडू आणला आणि उशाशी घेऊन झोपला. जुन्या चेंडूची त्याला आठवणही राहिली नाही, आणि कमलला उद्या खरोखर सामना आहे हे सांगायचंही राहून गेलं. नवरा-बायकोत महत्त्वाची गोष्टच नेमकी सांगायची राहते.

रविवारी मैदान तापलेल्या तव्यासारखं होतं. तरी नंदकुमार स्वेटर घालून आला, कारण थंडी एका आठवड्यात कशी गेली हे कुणी विचारलं असतं तर पंचाईत झाली असती. नव्या चेंडूचा टप्पा कमरेपर्यंत गेला. मांजरांनी वास घेतला, निराश झाली, तरी बसून राहिली. रतन हळूहळू चालत गोलमध्ये गेला आणि खांबाला हात लावून उभा राहिला. त्रिरत्न नगरातून टाळ्या वाजल्या. रवळनाथ चाळीतूनही वाजल्या.

सामना सुरू झाला. नंदकुमारचं खेळात लक्ष लागेना. चेंडू पायाशी आला की त्याला गोल दिसायचा नाही, रतनची छाती दिसायची. सदऱ्याच्या गुंड्यांमधून तो लांब, गुलाबी व्रण दिसत होता. चेंडू चुकून तिथे लागला तर? म्हणून तो प्रत्येक वेळी बाहेर मारायचा. एक चेंडू तर त्यानं स्वतःच्याच बाजूला मारला. शून्य-शून्य असा खेळ रखडत शेवटाला आला आणि त्रिरत्नच्या एका खेळाडूच्या हाताला गोलसमोर चेंडू लागला. पंच म्हणून उभ्या असलेल्या यज्ञेशनं शिट्टी मारली. पेनल्टी. रागाच्या भरात त्या खेळाडूनं चेंडूला लाथ घातली आणि नवाकोरा चेंडू थेट नाल्यात गेला.

"दुसरा चेंडू आहे का?" यज्ञेशनं विचारलं.

"आमच्या घरात जुनो असा," खुर्चीवरून कमल म्हणाली, आणि नंदकुमार तोंड उघडायच्या आत घराकडे गेलीसुद्धा.

ती परत आली तेव्हा सगळी मांजरं उठून उभी राहिली. तिच्या हातात चेंडू होता. त्यावर पांढरा बर्फ धरला होता. उन्हात त्यातून वाफा निघत होत्या, आणि एका शिवणीला बांगड्याचं शेपूट चिकटलेलं होतं.

"काल शनवार व्हतो," ती गोंधळून म्हणाली. "शनवार इलो की मी ठेवतंय. माका कोणी सांगूक नाय."

यज्ञेशनं चेंडू घेतला. शेपूट दोन बोटांनी काढलं. मग त्यानं नंदकुमारकडे बघितलं. माकडटोपी, दोन बदकं, स्वेटरच्या बाहीतून गळणारा घाम. तीन महिने त्याच्या डोळ्यांपुढून गेले असावेत, कारण त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"घ्या," तो दातओठ खात म्हणाला. "ह्याच चेंडूनं घ्या पेनल्टी."

चेंडू ठेवला गेला. समोर रतन. त्यानं हात पसरले, खांद्यापर्यंतच.

"ये नंद्या, ये," रतन म्हणाला. आवाज बारीक होता. "आणि बाहेर मारलास ना, तर जन्मात बोलणार नाही. मघापासून बघतोय मी."

यापुढे बाहेर मारणं शक्य नव्हतं. नंदकुमारनं टोपी काढली, मागे गेला, धावत आला, आणि इतक्या वर्षांची सगळी कसर काढून रतनच्या डावीकडे, छातीपासून लांब, जीव खाऊन लाथ मारली. चेंडू म्हणजे धोंडा होता. नंदकुमारचा अंगठा कुठेतरी आत गेला आणि तो बोंब मारून खाली बसला. चेंडू घरंगळत निघाला. त्याला कसलीही घाई नव्हती. मांजरं त्याच्यासोबत चालत होती. रतनपासून दोन हातांवरून जात जात तो गोलच्या रेषेशी आला आणि रेषेला टेकून थांबला.

पेनल्टी मारणाऱ्याला दुसऱ्याचा पाय लागेपर्यंत चेंडूला पुन्हा पाय लावता येत नाही. रवळनाथचा दुसरा कुणीही पुढे होऊन नुसतं बोट लावता तरी गोल होता. पण संघ जागचा हलला नाही. मफलरवाले ते सगळे नंदकुमारकडे बघत होते. हा त्याचा गोल होता.

रतन चेंडूकडे वळला. त्याला तो पायानं बाहेर ढकलायचा होता. त्यानं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि खांब धरून थांबला. दम लागला होता. दर्शना खुर्चीवरून उठली, तशी त्यानं हातानंच तिला थांबवलं. एके काळी विजेच्या खांबावर सरसर चढणारा तो माणूस दोन हातांवरच्या चेंडूपर्यंत पोचू शकत नव्हता, आणि हे सगळं नाहूर बघतंय हे त्याला कळत होतं. त्यानं मान वर केली. "मार रे कुणीतरी," तो म्हणाला. "संपवा."

तो शब्द नंदकुमारच्या काळजात घुसला. तो एका पायावर उभा राहिला.

"सेक्रेटरी!" तो ओरडला. "कप्तान म्हणून तपासणी मागतो!"

"काय?" यज्ञेश म्हणाला.

"चेंडूची तपासणी. मला थंडी वाजतेय."

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. यज्ञेश नंदकुमारकडे बघत राहिला. मग खांबाला धरून उभ्या असलेल्या रतनकडे. मग तो चालत गेला, रेषेवरचा चेंडू उचलला, मांजरं पायानं बाजूला केली, मैदानाच्या मधोमध आला. त्याच्या कपाळावरून घाम नाकावर येत होता. त्यानं चेंडू छातीवरून सोडला. चेंडू थप्पकन पडला आणि पडून राहिला.

यज्ञेश खाली वाकला. त्यानं तापलेल्या मातीवर तळहात ठेवला, चटका बसला म्हणून पटकन उचलला, आणि पुन्हा ठेवला. चांगला थोडा वेळ ठेवला.

"फ्रोझन," तो उभा राहून मोठ्यानं म्हणाला. "कडाक्याच्या थंडीमुळे सामना पुढे ढकलण्यात येत आहे. पुढच्या जानेवारीत, इथूनच पुढे. पेनल्टी पुन्हा घेतली जाईल." आणि मग, जणू स्वतःलाच सांगतोय असं, "सामना बाकी असेपर्यंत चषक बंद करता येत नाही. नियम आहे."

कुणी वाद घातला नाही. दोन्हीकडच्या बायका खुर्च्या मिटायला लागल्या. नंदकुमार लंगडत गोलपाशी गेला. घामानं जड झालेला स्वेटर त्याच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होता. रतन अजून खांब धरून होता. त्याचे डोळे भरले होते, आणि नंदकुमारचेही.

"म्हणजे काय रे नंद्या," रतन म्हणाला, "वर्षभर मी गोलमध्येच का?"

"हो. कुठं जायचं नाही. माझी पेनल्टी बाकी आहे."

रतन हसायला लागला. त्याला आवरेना. दर्शना उशी घेऊन धावत आली आणि तिनं ती त्याच्या छातीशी दिली.